साथ येण्याआधी : डॉ. वू लिएन-तेह आणि त्यांचे पथक

१० मार्च हा सावित्रीमाईंचा स्मृतिदिन. १८९७ साली पुणे परिसरात प्लेगने थैमान घातले, तेव्हा माई आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत रुग्णांच्या सेवेत उतरले. त्या सेवेतच माईंना संसर्ग झाला आणि त्यांची प्राणज्योत मालवली. आपल्या शाळांतून, वसतिगृहांतून ही कथा ऐकतच आपल्या पिढ्या वाढल्या. माईंच्या निधनापूर्वी अठरा वर्षे, याच तारखेला म्हणजे १० मार्च १८७९ रोजी, मलायातील पिनांग बेटावर एका सोनाराच्या घरी एक मूल जन्मले होते. पुढे जगाने त्याला डॉ. वू लिएन-तेह या नावाने ओळखले. तारखांचा हा मेळ योगायोगाचा आहे, त्यात आम्ही गूढ काही शोधत नाही. परंतु ही दोन जीवने शेजारी ठेवली म्हणजे एक प्रश्न मनात उभा राहतो. साथीच्या काळात सेवा करणाऱ्यांचे रक्षण कोणी करायचे? डॉ. वू यांचे आयुष्य या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात गेले, म्हणून त्यांचा परिचय माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे ठेवावा असे आम्हांला वाटले.

सोनाराचा मुलगा

वू यांचे वडील चीनच्या दक्षिणेकडील ताइशान भागातून पोटासाठी पिनांगला आले आणि सोनारकाम करून त्यांनी संसार उभा केला. मुलगा पिनांग फ्री स्कूलमध्ये शिकला. अभ्यासातील तेज पाहून १८९६ साली त्याला राणीच्या नावाची सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि तो केंब्रिजच्या इमॅन्युएल कॉलेजात दाखल झाला. त्या विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकणारा तो पहिला चिनी वंशाचा विद्यार्थी होता. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात त्याचे प्रत्यक्ष शिक्षण झाले. त्यानंतर लिव्हरपूल, जर्मनीतील हाले आणि पॅरिसची पाश्चर इन्स्टिट्यूट अशा ठिकाणी जंतुशास्त्राचे संशोधन करून १९०३ साली डॉ. वू मायदेशी परतले.

परतल्यावर एक कटू सत्य समोर आले. वसाहतीच्या वैद्यकीय सेवेतील वरच्या जागा इंग्रजांसाठीच राखून ठेवलेल्या होत्या. केंब्रिजची पदवी होती, संशोधन होते, पण जन्म आड येत होता. पात्रता असून दार बंद असणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. डॉ. वू यांनी पिनांगमध्ये खासगी दवाखाना थाटला आणि त्याच्या जोडीने अफूच्या व्यापाराविरुद्ध चळवळ सुरू केली. अफूतून सरकारला महसूल मिळत होता आणि बड्या मंडळींना नफा मिळत होता, त्यामुळे शत्रू निर्माण होण्यास वेळ लागला नाही. त्यांच्या दवाखान्याची झडती झाली. औषध म्हणून ठेवलेला अफूचा थोडासा अर्क सापडला आणि अफूविरोधी चळवळीच्या पुढाऱ्यालाच अफू बाळगल्याबद्दल दंड भरावा लागला. याच सुमारास चीनमधून बोलावणे आले आणि ते तिएन्सिन येथील लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाचे उपसंचालक म्हणून रुजू झाले.

हार्बिनची हाक

१९१० च्या हिवाळ्यात मांचुरियात माणसे झपाट्याने मरू लागली. ताप, खोकला, थुंकीतून रक्त आणि दोन-तीन दिवसांत अंत, असा हा रोग होता. तारबागान नावाच्या रानटी प्राण्याच्या कातड्याला त्या वर्षांत मोठा भाव आला होता. अनुभवी मंगोल शिकारी आजारी दिसणारा प्राणी टाळत. पैशाच्या आशेने दूरच्या प्रांतांतून आलेल्या नवख्या मजुरांना ही पारख नव्हती. हे मजूर स्वस्त धर्मशाळांत, जमिनीखालच्या कोंदट खोल्यांत दाटीवाटीने झोपत. तेथून रोग आगगाडीने हार्बिनला पोहोचला. हार्बिनच्या रशियन वसाहतीला लागून फूजियादियान ही सुमारे २४,००० लोकांची चिनी वस्ती होती. साथीचा सर्वांत मोठा घाला तिच्यावर पडला.

चीनच्या परराष्ट्र खात्याने डॉ. वू यांना पाचारण केले. २४ डिसेंबर १९१० रोजी एका विद्यार्थी-सहायकाला सोबत घेऊन ते हार्बिनला उतरले, तेव्हा त्यांचे वय अवघे ३१ वर्षांचे होते. तेथे प्रयोगशाळा नव्हती, धड रुग्णालय नव्हते. २७ डिसेंबर रोजी एका धर्मशाळा चालविणाऱ्या जपानी स्त्रीचा मृत्यू झाल्याचे कळताच त्यांनी तिच्या देहाचे शवविच्छेदन केले. त्या काळच्या चिनी समाजात मृतदेहाला शस्त्र लावणे निषिद्ध मानले जाई, म्हणून हे काम गुपचूप उरकावे लागले. सूक्ष्मदर्शकाखाली प्लेगचे जंतू स्पष्ट दिसले.

येथे मुंबईचा संबंध येतो. प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, हे ज्ञान पक्के करण्यात मुंबईच्या परळ येथील संशोधनाचा मोठा वाटा होता. प्लेग म्हटला की उंदीर, काखेतील वा जांघेतील गाठ आणि पिसू हे समीकरण जगभर रूढ झाले होते. हार्बिनमध्ये मात्र पकडलेल्या उंदरांत प्लेगचे जंतू सापडत नव्हते आणि रुग्णांच्या अंगावर गाठी नव्हत्या. रोग फुफ्फुसांत होता. डॉ. वू यांनी निष्कर्ष काढला की हा प्लेग खोकल्याच्या तुषारांतून एका माणसाकडून थेट दुसऱ्या माणसाकडे जातो. असे असेल तर उंदीर मारून काही साधणार नव्हते. माणसांमधील श्वासाची वाट अडवणे हाच उपाय उरत होता.

न घातलेली पट्टी

त्यांनी उपाय सुचविला तो अगदी साधा होता. शस्त्रक्रियेच्या जाळीदार कापडाच्या दोन थरांमध्ये सहा इंच लांब आणि चार इंच रुंद कापसाची घडी ठेवायची, टोके फाडून त्यांचे बंद करायचे आणि नाक-तोंड झाकून डोक्यामागे बांधायचे. किंमत काही पैशांची. कोणत्याही घरात, कोणाच्याही हाताने ती तयार होऊ शकत होती. आपण २०२० साली जी मुखपट्टी बांधली, तिच्या पूर्वजांत या पट्टीची गणना होते.

परंतु तरुण चिनी डॉक्टरचे म्हणणे सर्वांनी मानले असे नाही. तिएन्सिनच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातील फ्रेंच प्राध्यापक डॉ. मेस्नी हार्बिनला आले. प्लेगच्या एका आधीच्या साथीत त्यांनी काम केले होते. तो प्लेग गाठींचा होता. साथीची सूत्रे आपल्याकडे द्यावीत अशी त्यांची मागणी होती. डॉ. वू यांनी हवेतून होणाऱ्या संसर्गाची बाजू मांडली, तेव्हा मेस्नी संतापले आणि वंशाचा उल्लेख करून त्यांनी या तरुणाचा अपमान केला. डॉ. वू यांनी वाद वाढविला नाही. त्यांनी वरिष्ठांना तार पाठवून राजीनामा देऊ केला. वरिष्ठांनी तो न स्वीकारता विश्वास त्यांच्यावरच टाकला.

मेस्नी ५ जानेवारी १९११ रोजी रशियन प्लेग रुग्णालयात रुग्ण तपासायला गेले. त्या रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाफकिन हे, मुंबईत प्लेगची लस तयार करणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांच्या नात्यातले होते. मेस्नींनी अंगरखा घातला, टोपी घातली, हातमोजे घातले. नाक-तोंड मात्र उघडे ठेवले. ११ जानेवारीला त्यांचा मृत्यू झाला. ते विद्वान होते आणि रुग्णांच्या जवळ जाण्याचे धैर्यही त्यांच्यात होते, म्हणून त्यांच्या मृत्यूचा उल्लेख आम्ही आदरानेच करतो. पण सांगणारा कोण आहे हे पाहून सांगणे नाकारले, तर त्याची किंमत किती जबर असते, हे या घटनेने दाखवून दिले. त्या दिवसानंतर हार्बिनमध्ये मुखपट्टीला विरोध करणारे फारसे उरले नाहीत.

पथकाची बांधणी

मेस्नींच्या मृत्यूने शहर हादरले आणि मनुष्यबळ येऊ लागले. डॉक्टर आले, वैद्यकीय विद्यार्थी आले, पोलीस व सैनिक आले. ही माणसे एकमेकांना अनोळखी होती, त्यांच्या भाषा आणि सवयी वेगळ्या होत्या, आणि बहुतेकांना जंतू म्हणजे काय हेही ठाऊक नव्हते. त्यांचे पथक करणे हे खरे काम होते.

डॉ. वू यांनी फूजियादियानचे चार विभाग पाडले. प्रत्येक विभागावर एक वरिष्ठ डॉक्टर नेमला आणि त्याच्या हाताखाली सहायक, विद्यार्थी, सफाई कामगार व पोलीस दिले. घरोघर जाऊन रोज तपासणी व्हायची. आजारी माणूस प्लेग रुग्णालयात, त्याच्या सहवासातील माणसे विलगीकरणात आणि घर जंतुनाशकाने स्वच्छ, असा क्रम ठरला. पांढरा, तांबडा, पिवळा आणि निळा असे चार विभागांचे चार रंग होते. रहिवाशाने आपल्या विभागाच्या रंगाची पट्टी दंडावर बांधायची. त्या विभागात त्याला मोकळेपणाने फिरता येई, दुसऱ्या विभागात जायचे तर परवाना लागे. वस्तीभोवती बाराशेच्या आसपास सैनिकांचा वेढा होता. शाळा, धर्मशाळा, नाटकगृहे ताब्यात घेऊन तेथे कचेऱ्या, दवाखाने आणि निर्जंतुकीकरणाची केंद्रे उघडली.

या व्यवस्थेत आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट. रोज कामावरून परतणाऱ्याने स्वतःला कसे स्वच्छ करायचे, कपडे कोठे उतरवायचे, पट्टी कशी बांधायची, याचा नियम डॉक्टरपासून सफाई कामगारापर्यंत एकच होता. रोगाला हुद्दा कळत नाही, म्हणून नियमालाही हुद्दा नसावा, हे तत्त्व त्यामागे होते.

मालगाडीच्या डब्यांतील दिवस

रुग्णांच्या सहवासात आलेल्या निरोगी माणसांना ठेवायचे कोठे, हा बिकट प्रश्न होता. बाहेर शून्याखाली पंचवीस-तीस अंशांची थंडी होती. रुग्णांसोबत ठेवले तर मरण निश्चित, घरी ठेवले तर साथ वाढणार. डॉ. वू यांनी रशियन रेल्वेकडे मालगाडीचे डबे मागितले आणि १२० डबे मिळाले. डब्यांत शेगड्या बसवून ऊब आणली. आतल्या माणसांचा ताप व नाडी सकाळ-संध्याकाळ तपासली जाई. ज्याला ताप आला त्याला तत्काळ रुग्णालयात हलवीत. ज्यांना ठरलेल्या दिवसांत काही झाले नाही, त्यांच्या मनगटावर सरकारी शिशाची मोहोर असलेली तार बांधून त्यांना मोकळे सोडीत. ती मोहोर म्हणजे आपण निरोगी असल्याचा पुरावा होता.

विलगीकरण म्हटले की महाराष्ट्राच्या मनात १८९७ चे पुणे उभे राहते. रँडच्या काळात सैनिक घराघरांत घुसले, माणसे छावण्यांत नेली गेली, सामानाची नासधूस झाली आणि लोकांच्या मनात रोगापेक्षा तपासणीचीच धास्ती बसली. फूजियादियानमध्ये सर्व काही सुरळीत होते असे आम्ही म्हणत नाही. तेथेही सैनिकांचा वेढा होता, तेथेही लोक रुग्ण लपवीत आणि रात्री प्रेते रस्त्यावर आणून टाकीत. तरीही एक फरक दिसतो. अलग ठेवलेल्या माणसाला ऊब द्यायची, रोज त्याची चौकशी करायची आणि त्याच्या सुटकेचा दिवस व सुटकेची खूण आधी ठरवायची, याचा विचार तेथे झाला होता. किती दिवस आणि कशासाठी हे ज्याला माहीत असते, तो एकांत सोसू शकतो.

अग्नी

जानेवारीच्या अखेरीस आणखी एक संकट समोर आले. जमीन गोठून दगडासारखी झाली होती, खड्डे खणता येत नव्हते. स्मशानभूमीत दोन हजारांहून अधिक शवपेट्या आणि उघडी प्रेते रांगेने पडून होती. दफन ही चिनी समाजाची प्राचीन रीत होती आणि पूर्वजांचा देह जाळणे हा घोर अनादर समजला जाई. डॉ. वू यांनी स्थानिक अधिकारी आणि व्यापारी यांना स्मशानात नेऊन ते दृश्य दाखविले, त्यांची संमती मिळविली आणि मग राजदरबाराकडे दहनाची परवानगी मागितली. हुकूम थेट वरून आणून लादणे वेगळे आणि गावाला सोबत घेऊन तो मागणे वेगळे. चिनी नववर्षाच्या दिवशी, ३० जानेवारीला परवानगी आली आणि दुसऱ्या दिवशी दहनास प्रारंभ झाला.

त्यानंतर मृत्यूंची संख्या उतरू लागली. १ मार्च १९११ रोजी फूजियादियानमध्ये शेवटच्या रुग्णाची नोंद झाली. तोवर त्या एका वस्तीत पाच हजारांवर आणि संपूर्ण मांचुरियात सुमारे ६०,००० माणसे दगावली होती. एप्रिल महिन्यात मुकदेन येथे अकरा देशांच्या शास्त्रज्ञांची प्लेग परिषद भरली. तिच्या अध्यक्षस्थानी डॉ. वू होते. ज्याला मायभूमीच्या सरकारी सेवेत वरची जागा नाकारली गेली, त्याच्यापुढे आता जपानचे कितासातो यांच्यासारखे जगद्विख्यात जंतुशास्त्रज्ञ बसले होते.

हिशेब

गौरवग्रंथांत सहसा विजयाचा आकडा असतो. डॉ. वू यांनी आपल्या पथकाच्या हानीचाही हिशेब ठेवला. फूजियादियानच्या कामात सुमारे तीन हजार माणसे गुंतलेली होती, त्यांपैकी जवळजवळ तीनशे मृत्युमुखी पडली. डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी यांच्यात मृत्यू मोजके झाले. सर्वाधिक मृत्यू झाले ते रुग्ण व प्रेते वाहणारे गाडीवान आणि हमाल यांचे.

या ओळीशी आम्ही थांबतो, कारण तिच्यात या चरित्राचा गाभा आहे. नियम सर्वांना सारखाच होता. मग मरण सारखे का वाटले गेले नाही? ज्याला कारण समजले होते, तो पट्टी नीट बांधत होता. ज्याला केवळ हुकूम मिळाला होता, त्याच्या गळ्यात ती पट्टी असणे आणि नाकावर असणे यातला फरक त्याला कोणी पुरेशा वेळेत समजावला नव्हता. शिवाय सर्वांत धोक्याचे काम सर्वांत कमी मजुरीच्या माणसाच्या वाट्याला आले होते. ऐन साथीत, धावपळीत माणसे गोळा केली तर हेच घडते. शिक्षण साथीच्या आधी द्यावे लागते आणि ते उतरंडीच्या तळापासून द्यावे लागते.

कायमची तयारी

साथ संपल्यावर बहुतेक ठिकाणी पथके मोडतात आणि तंबू गुंडाळले जातात. डॉ. वू यांनी तसे होऊ दिले नाही. १९१२ साली उत्तर मांचुरिया प्लेग प्रतिबंधक सेवा स्थापन झाली आणि ते तिचे प्रमुख झाले. सीमेवरील आणि नदीकाठच्या गावांत रुग्णालये उभी राहिली. साथ नसताना तेथे नेहमीच्या रुग्णांवर उपचार होत, संशोधन चाले, कर्मचारी शिकत. साथ आली की तेच रुग्णालय, तीच माणसे, तीच साधने तिच्यासाठी सज्ज होत.

परीक्षा दहा वर्षांनी झाली. १९२०-२१ च्या हिवाळ्यात फुफ्फुसाचा प्लेग पुन्हा आला. वेढा घालायचा कोठे, कोणाला अलग ठेवायचे, पट्टी कोणी शिवायची, हे या वेळी नव्याने शोधावे लागले नाही. साथीने सुमारे ९,३०० बळी घेतले. ही हानी लहान नाही, परंतु पहिल्या साथीतील ६०,००० शी तिची तुलना केली म्हणजे मधल्या दहा वर्षांतील शांत, प्रसिद्धीविना झालेल्या कामाचे मोल कळते.

पुढे १९२६ साली फुफ्फुसाच्या प्लेगवरील त्यांचा प्रबंध राष्ट्रसंघाने प्रसिद्ध केला. १९३० साली चीनची राष्ट्रीय क्वारंटाइन सेवा त्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाली आणि बंदरांवरील आरोग्य-तपासणी परकीयांच्या हातून चिनी हाती आली. १९३५ साली नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचविले गेले, पारितोषिक मात्र मिळाले नाही. १९३७ साली जपानी आक्रमणामुळे चीन सोडून ते मलायात परतले आणि इपोह गावी साधे डॉक्टर म्हणून दवाखाना चालवू लागले. गरिबांकडून ते नाममात्र पैसे घेत. १९५९ साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. २१ जानेवारी १९६० रोजी पिनांग येथे, जन्मभूमीतच, वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आपल्यासाठी

निवासी शाळा म्हणजे एका छपराखाली झोपणारी, एका पंगतीत जेवणारी शेकडो मुले. गोवर, कांजिण्या, डोळे येणे, फ्लू यांची साथ आपल्या आवारात कधी शिरेल सांगता येत नाही. मार्च २०२० मध्ये सर्वत्र वसतिगृहे रिकामी झाली, तो अनुभव आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे. म्हणून डॉ. वू यांच्या आयुष्याकडे पाहून प्रत्येक संस्थेने शांत काळातच काही प्रश्न स्वतःला विचारावेत असे आम्ही सुचवितो. आजारी मुलाला अलग ठेवायची खोली कोणती, आणि तिला खिडकी आहे का? त्याला जेवण कोण देणार, आणि ताटे कोठे धुतली जाणार? त्याच्यासोबत राहिलेल्या मुलांचा ताप रोज कोण मोजणार व कोणत्या वहीत लिहिणार? पालकांना कोण आणि केव्हा कळविणार? अधीक्षकच आजारी पडले तर सूत्रे कोणाकडे जाणार?

आणि सर्वांत आधी विचारावयाचा प्रश्न असा, की स्वयंपाकी, कामाठी, सफाई करणाऱ्या बाई आणि रात्रीचा पहारेकरी यांना हे सारे कोणी समजावून सांगितले आहे का? सूचना फलकावर लावणे पुरेसे नाही, त्यांच्यासोबत बसून कारण सांगितले पाहिजे. त्यांच्या घरी लेकरे असतात आणि आजाराच्या रजेत त्यांचा पगार चालू राहील की नाही ही काळजी त्यांना असते. त्या काळजीचे उत्तर संस्थेने आधीच दिले असेल, तर आजार लपवावा असे कोणाला वाटणार नाही. हार्बिनच्या गाडीवानांची आणि हमालांची नावे आज फारशी कोणाला ठाऊक नाहीत. आपल्या संस्थांतील अशा माणसांची नावे पथकाच्या यादीत सर्वांत वर लिहिली जावीत, एवढीच आमची या लेखाच्या निमित्ताने विनंती आहे.